कुलूपबंद स्थैर्य

स्थिर कोण आणि भटका कोण, हे शासनदरबारी फार पूर्वीच ठरून गेले असल्यामुळे सातारा-सांगलीच्या पूर्वेकडील माण, खटाव, खानापूर आणि आटपाडी या तालुक्यांत जाऊन त्याची शहानिशा करण्याचे कष्ट सहसा कोणी घेत नाही. महाबळेश्वरावर 5000 मिलिमीटरांहून अधिक पाऊस ओतणारा वरुण त्याच जिल्ह्यातील माणदेशी पोहोचेपर्यंत 500च्या आसपास हात आखडता घेतो, आणि या कंजूषपणातून दोन प्रकारचे प्रवासी घराबाहेर पडतात.

पहिला धनगर. दिवाळीच्या सुमारास मेंढरे, कुत्री आणि घोड्यावर लादलेले बिऱ्हाड घेऊन एकत्र निघणाऱ्या कुटुंबांच्या समूहास तो ‘वाडा’ म्हणतो. इतरांचा वाडा दगडी जोत्यावर उभा असतो. याचा वाडा आज या शिवारात तर उद्या त्या शिवारात बसतो, शेतकऱ्यास लेंडीखत देऊन धान्य किंवा रोकड घेतो आणि पावसाळ्याच्या तोंडावर बिनचूक गावी परततो. पंचांगकर्त्यांनी हेवा करावा अशा या नियमितपणाबद्दल त्यास ‘भटक्या जमाती (क)’ हा प्रवर्ग बहाल झाला आहे.

दुसरा गलाईवाला. गलाई म्हणजे जुने दागिने मुशीत वितळवून, त्यांतील चांदी-तांबे तेजाबात विरघळवून शुद्ध सोने वेगळे काढण्याचा धंदा. विटा परिसरातील माणसे या धंद्यापायी देशभरच्या सराफकट्ट्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहिली आणि दक्षिणेत गेलेल्यांची मुले तमिळ-मल्याळम बोलू लागली. तरीही आपली मुळे गावातच असल्याचा पुरावा म्हणून त्यांनी गावी बंगले बांधले, ज्यांत वर्षभर पारवे नांदतात आणि जत्रेच्या आठवड्यात मालक. कऱ्हाडजवळ उचललेले कृष्णेचे पाणी टेंभू योजनेने या माळावर आणले, पण कुलपे काही त्या पाण्याने विरघळली नाहीत. त्यास बहुधा तेजाबच लागत असावे. असे असूनही गलाईवाल्यास भटका म्हणण्याचे धाडस कोणत्याही यादीने केलेले नाही.

2011ची जनगणना फेब्रुवारीत झाली, म्हणजे वाडा परमुलखी आणि गलाईवाला भट्टीपाशी असताना. तेव्हा संबंधित खात्यास नम्र विनंती, की या चार तालुक्यांत यापुढे शिरगणती दोनदा करावी: एकदा जत्रेत मोटारींसाठी आणि एकदा ज्येष्ठात मेंढरांसाठी.