पावाला जॅम

डेंजी नावाच्या पोराची ओळख आपल्याला त्याच्या जमाखर्चातून होते. झाडं तोडून महिन्याला ६० हजार येन. एक मूत्रपिंड विकलं, त्याचे १२ लाख. उजवा डोळा, ३ लाख. आणखी एक अवयव विकलाय. त्याचं नाव ललित निबंधात घ्यायची पद्धत नाही, पण त्याचे पुरते लाखभरही आले नाहीत. बाकी कर्ज ३ कोटी ८० लाख ४० हजार. बाप मेला, कर्ज मागे ठेवून गेला, आणि सावकार याकुझा टोळीतला.

तात्सुकी फुजिमोतोची ‘चेनसॉ मॅन’ ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, अशी सुरू होते. २०१८च्या डिसेंबरपासून दोन वर्षं ती जपानच्या ‘वीकली शोनेन जंप’ या साप्ताहिकात आली. पहिला भाग ९७ प्रकरणांचा, अकरा खंडांचा, आणि त्यात रक्त इतकं की काळ्यापांढऱ्या छपाईचे आभारच मानावेत. नायकाच्या डोक्यातून आणि हातांतून लाकूड कापायची यांत्रिक करवत बाहेर येते. भाचीने मला हे वाचायला दिलं तेव्हा तिची आई तिच्याकडे ज्या नजरेने बघत होती, ती नजरही साधारण तशीच होती.

या जगात प्रत्येक भीतीचा एक सैतान असतो. लोक जितके घाबरतील तितकं त्याचं बळ जास्त. टोमॅटोचाही सैतान आहे, पण त्याला फारसं कोणी मोजत नाही. (आपल्याकडच्या मंडईत त्याला बरे दिवस आले असते.) सर्वांत भयंकर सैतान बंदुकीचा. त्याने अकी हायाकावा नावाच्या मुलाचं होक्काइदोतलं घर क्षणात नाहीसं केलं. धाकटा भाऊ ग्लव्ह आणायला आत गेला होता. अकी बाहेर बर्फात उभा राहिला, म्हणून वाचला.

आणि डेंजीचं स्वप्न काय? पावाला जॅम लावून खायचा. पोचिता नावाचा कुत्र्यासारखा छोटा सैतान त्याच्यासाठी स्वतःचं काळीज देतो तेव्हा अट एकच घालतो: तुझी स्वप्नं मला दाखव. त्या स्वप्नांच्या यादीत राज्य नाही, सूड नाही. जॅम आहे, पोटभर झोप आहे, आणि एखादी मुलगी, जिच्याबद्दलच्या त्याच्या कल्पना मी भाचीसमोर पानं भराभर उलटून टाळल्या.

खरी गोष्ट चालते ती अकीच्या फ्लॅटमध्ये. सरकारी सैतान-शिकारी खात्यात डेंजीला नोकरी लागते आणि वरिष्ठ बाई माकिमा त्याला अकीच्या घरी ठेवते. मागून पॉवर येते. ती रक्ताची सैतान, थापाडी, अंघोळीची शत्रू. भाज्या ताटातून उचलून दुसऱ्यावर फेकणारी आणि संडासात पाणी न टाकणारी. घरोघरी जाऊन शिकवण्या घेणाऱ्या माणसासारखा अकी या दोघांना सांभाळतो. स्वयंपाक त्याचा, शिस्त त्याची, डोकेदुखीही त्याचीच.

२०२२मध्ये मापा स्टुडिओने याची अॅनिमे मालिका केली. तिच्या चौथ्या भागात अकीची सकाळ दाखवली आहे. तो उठतो, कॉफीचे दाणे दळतो, बाल्कनीत वर्तमानपत्र वाचतो, केस बांधतो. मांगात याला इतकी जागा नाही. मारामारीसाठी आलेल्या प्रेक्षकाला कॉफीची पूड होईपर्यंत थांबायला लावणं हे धाडसाचं काम आहे, आणि माझ्या मते सगळ्या मालिकेतलं ते सर्वांत धोक्याचं दृश्य आहे. कारण एकदा त्या बाल्कनीत तुम्ही अकीबरोबर बसलात की पुढचं सगळं तुम्हाला लागणार.

बऱ्याच मारधाडीच्या मालिकांत पात्र मरायला टेकलं की त्याचं बालपण दाखवतात. घाईघाईने, उसासे टाकत, म्हणजे आपल्याला रडता यावं. फुजिमोतो आधी भांडी घासून घेतो. कोणी किती जॅम घेतला, कोणी मांजरीला जवळ घेतलं, कोणी कोणाच्या ताटात गाजर ढकललं, एवढंच. गळा दाटून येईल असं कुणी काही बोलत नाही. मग एक दिवस बंदुकीचा सैतान अकीच्याच देहात शिरतो आणि दार ठोठावतो.

(ज्यांना अजून वाचायचं आहे त्यांनी हा परिच्छेद सोडावा. अर्थात असं सांगितल्यावर कोणी सोडत नाही.) बाहेर रस्त्यावर माणसं मरताहेत, डेंजी करवत घेऊन लढतो आहे. अकीच्या मनात मात्र दोन लहान मुलं बर्फाचे गोळे फेकत खेळताहेत. त्याला वाटतं, किती मजा येते आहे. समोरचा मुलगा का रडतो आहे, ते त्याला कळत नाही. हे पान मी एकाच बैठकीत वाचू शकलो नाही. मध्येच उठून गॅस बंद आहे का ते बघून आलो. तो बंदच होता.

पुढे कळतं की डेंजीला हे घर दिलं माकिमाने, तेच मोडता यावं म्हणून. आधी सुख द्यायचं, मग काढून घ्यायचं. एवढी थंड योजना करणारी बाई. पण हीच माकिमा त्याआधी डेंजीला दिवसभर चित्रपटांना घेऊन हिंडते. एकामागून एक चित्रपट. लोक हसतात, रडतात, हे दोघं ढिम्म. डेंजीला तर शंकाच येते की आपल्याला काळीज उरलंच नाही. शेवटच्या खेळाला थिएटर जवळजवळ रिकामं असतं. पडद्यावर दोन माणसं एकमेकांना मिठी मारतात आणि या दोघांच्याही डोळ्यांतून पाणी वाहू लागतं.

ते अश्रू खोटे असते तर माझं काम सोपं झालं असतं. भाचीचं म्हणणं, मामा, अरे तिलाही घरच हवं होतं, फक्त मागायचं कसं ते तिला माहीत नव्हतं. शेवटी पोचितासुद्धा तेच सांगतो ना. पोचिताला मी मान देतो, पण माकिमाचं वकीलपत्र घ्यायला मी तयार नाही. आमचा हा वाद जेवणाच्या टेबलावर अजून चालू आहे, आणि भाचीची आई म्हणते की ही माकिमा जी कोण आहे तिला एकदा जेवायलाच बोलवा.