चार झुडपे आणि एक चेनसॉ

रेडिंग, इंग्लंड

ती. आप्पा व ती. सौ. आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

'विलायतेत राहून झाडे हाताने कसली छाटता? एक चेनसॉ घेऊन टाका', हा आपला हुकूम पोचला. खाली आईचेही अनुमोदन आहे, म्हणजे ठराव घरच्या सर्वसाधारण सभेत मंजूर झालेला दिसतो. त्यावर माझी हरकत नोंदवून घ्यावी. घरच्या बागेत छाटणीचा वेळ कापण्यात जात नाही, कुठे कापायचे ते ठरवण्यात जातो. गुलाबाचेच पाहा. इकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याची छाटणी करतात. बाहेर तोंड असलेला डोळा शोधायचा, त्याच्या जेमतेम अर्धा सेंटीमीटर वर, डोळ्याच्या उलट बाजूला उतरता काप घ्यायचा. कापायला एक क्षण लागतो, शोधायला दहा. यंत्र तो एक क्षण वाचवते आणि उरलेल्या दहांची घाई करायला लावते.

म्हणून हत्यार निवडायचे ते फांदीची जाडी पाहून, दुकानातली जाहिरात पाहून नव्हे. बोटाएवढ्या, म्हणजे सुमारे दोन सेंटीमीटरपर्यंतच्या काडीला सिकेटर. चार सेंटीमीटरपर्यंत लांब दांड्यांचा लॉपर. त्यापुढे घडीची करवत. ती ओढताना कापते, त्यामुळे पाते पातळ असूनही वाकत नाही. सिकेटरमध्येही दोन जाती आहेत. एकीत पाते सपाट पट्टीवर टेकते. वाळक्या लाकडाला ती चालते, पण ओल्या काडीचा चेंदा करते. दुसरीत धारेचे पाते बोथट आकड्याला घासून पुढे जाते. जिवंत झाडाला हीच घ्यावी, आणि धरताना पाते झाडाकडे व आकडा टाकायच्या तुकड्याकडे ठेवावा, कारण चेंगरते ती आकड्याकडची बाजू. हे आपल्या द्राक्षबागेतल्या कोणत्याही छाटणीवाल्याला पाठ असते. इथे मात्र खोक्यावर यातले काही छापत नाहीत, फक्त हसरे जोडपे छापतात.

आपण म्हणाल, मग एवढी हत्यारे तरी कशाला, कोयत्याने भागते. इथे सबळ कारणाशिवाय असले पाते घेऊन रस्त्यावर दिसणे हा गुन्हा, ही बाब सोडा. खरी अडचण अशी की कोयत्याचा घाव जरा चुकला की साल खालपर्यंत सोलते, आणि ती जखम भरून यायला झाडाला फार वेळ लागतो. दुसरा आक्षेप आईचा असणार : मनगट दुखेल. तो रास्त आहे. त्यासाठीच बॅटरीवरचे सिकेटर निघाले आहेत. दिवसभरात हजारो काप घेणाऱ्या बागायतदाराला ते परवडतात. आमच्या चार झुडपांसाठी ते घेणे म्हणजे पोळीला तूप लावायला रंगाऱ्याचा ब्रश आणणे होय. आमच्या मनगटाला धारदार पाते आणि थेंबभर तेल पुरते.

एका ठिकाणी मात्र यंत्राची बाजू घ्यावी लागते : प्रिव्हेटचे कुंपण. तिथे शेकडो कोवळ्या फांद्या एकाच रेषेत कापायच्या असतात, डोळा शोधायचा नसतो. म्हणून बॅटरीचा हेज ट्रिमर तिथे शोभतो. वायरचा नको, तो कुंपणाआधी स्वतःचीच वायर कापतो. शिवाय मार्च ते ऑगस्ट पक्षी घरटी करतात आणि वापरात असलेले घरटे जाणूनबुजून मोडणे १९८१ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. त्यामुळे आधी आत डोकावून पाहायचे, मग बटण दाबायचे. राहता राहिला चेनसॉ. शिडीवर चढून तो चालवण्याइतकी जाड फांदी असेल, तर ते काम शिकलेल्या माणसाचे, आणि त्याआधी ते झाड संरक्षित तर नाही ना, हे कौन्सिलला विचारायचे.

तेव्हा ठरावात एवढी दुरुस्ती व्हावी : ट्रिमर मंजूर, चेनसॉ नामंजूर. आपण उन्हाळ्यात येताना तिकडचा एखादा चांगला सिकेटर आणावा, पण केबिनच्या पिशवीत ठेवू नये, विमानतळावर काढून घेतील.

मुलांचा साष्टांग नमस्कार.

आपला,
विनायक