पणजोबांच्या नावे चलन

घर बांधणे किती महाग आहे, हे माणसाला पहिली वीट येण्याआधीच कळावे, हा बांधकाम परवान्याच्या शुल्कामागचा उदात्त हेतू बेळगावच्या शहापूरकरांनी ओळखायला हवा. छाननी शुल्क, परवाना शुल्क, विकास शुल्क. शिवाय घराचा खर्च ठरावीक मर्यादेवर गेला की कामगार कल्याण उपकर. सर्वांत लोभस ते जमीनभाडे. वाळू-खडी रस्त्यावर पडेल, म्हणून रस्त्याचे भाडे. ती आपल्याच अंगणात ठेवणाराही यातून सुटत नाही, अशी बेंगळूरकरांची तक्रार होती. 2021 मध्ये उच्च न्यायालयाने तिथल्या महापालिकेची अशी शुल्के रद्द केली. सरकारने शुल्क बदलले नाही, कायदाच बदलला. तोही मागील तारखेपासून!

मग मागील तारखेची ही कृपा बेंगळूरवरच का? शहापूर एके काळी सांगली संस्थानात होते. त्या काळच्या माड्यांची आणि विणकरांच्या मागाखालच्या खड्ड्यांची छाननी राहूनच गेली आहे. सांगलीच्या पटवर्धन सरकारची मंजुरी असेलही, पण ती ऑनलाइन नव्हती. तेव्हा चलन पणजोबांच्या नावे काढावे. ते सुनावणीला आले नाहीत, तर गैरहजेरीचा दंड वेगळा.

ज्यांनी कुणाला न विचारता घर बांधले, त्यांच्यासाठी फेब्रुवारी 2025 मध्ये बी-खात्याची, म्हणजे अनधिकृत मालमत्तांच्या नोंदीची, मोहीम निघाली: एकदा दुप्पट घरपट्टी भरा आणि खाते घ्या. रीतसर अर्ज केलेल्यांनी मात्र खट्टू होऊ नये. त्यांच्या नकाशातल्या त्रुटी अजून तरी फुकट काढून मिळतात.