ताशी साडेतीन किलोमीटर

रिमोटवरची गाडी घेऊन टेकडीवर गेलं की पहिला प्रश्न येतो, "पळते किती?" दुसरा, "केवढ्याला पडली?" पुण्यात क्रम उलटाही असतो. पहिल्याचं खरं उत्तर दिलं की विचारणाऱ्याचा चेहरा पडतो. ताशी साडेतीन किलोमीटर, तेही ट्रिगर पुरता दाबल्यावर. वेताळ टेकडीवर रोज फिरायला येणारे पंचाहत्तरीतले आजोबा तिला सहज मागे टाकतात, आणि टाकल्यावर एकदा वळून बघतात. एका मुलाच्या हातात रिमोट दिला, तर त्याने जरा वेळ ट्रिगर दाबून पाहिला आणि परत देत म्हणाला, "काका, हिचं चार्जिंग संपत आलंय."

संपलेलं नसतं. खडक चढणाऱ्या या गाडीची, म्हणजे क्रॉलरची, सगळी अक्कल हळू जाण्यात खर्च झालेली असते. मोटर मिनिटाला आठेक हजार फेरे घेते. गिअरांच्या टप्प्यांतून चाकापर्यंत येताना त्यांतले पावणेदोनशे उरतात. वेगाचा असा बळी दिला की बदल्यात जोर मिळतो, आणि आपल्या चाकापेक्षा उंच दगडाला गाडी नाक लावते, घटकाभर विचार केल्यासारखी थबकते आणि चढते. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजून झालेला आपला बेसॉल्ट कोरडा असला की या खेळाला फार चांगला. खरखरीत असतो, मऊ रबर धरून ठेवतो. पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरलं की मात्र सगळी विद्या वाया.

गंमत अशी की रस्त्यावरच्या गाडीत जे दोष समजतात, ते इथे पदरमोड करून मिळवावे लागतात. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त फिरता यावं म्हणून खऱ्या गाडीत डिफरन्शिअल असतो. खडकावर एक चाक हवेत गेलं की तो सगळा जोर त्याच रिकाम्या चाकाला देऊन मोकळा होतो, म्हणून तो चक्क जाम करून टाकायचा. टायरमध्ये हवा नाही. आत स्पंज, आणि कोंडलेली हवा निघून जावी म्हणून रिमला भोक. टायरवाल्याकडे बॅलन्सिंगची चिकटवायची वजनं मिळतात, ती पुढच्या रिमांच्या आतून गोल लावायची. गाडी हलकी करण्यासाठी जग धडपडत असताना आपण चाकांना वजन बांधतो. कारण चढणीवर भार मागे सरकतो आणि पुढची चाकं उचलली जातात. बॅटरीही त्याचसाठी पुढे, जमेल तितकी खाली. इतकं करून काही शौकीन टपावर कॅरिअर, कॅरिअरवर स्टेपनी आणि स्टेपनीवर इवलासा जेरीकॅन बांधतात. फोटो सुरेख येतो. बहुधा गाडी उलटण्याच्या आदल्या क्षणीचा.

माझा पेच वेगळाच होता. मला हवी होती महिंद्राची जुनी सीजे-३बी जीप, उंच बॉनेटची. तिच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर ८० इंच. एकास दहा मापात ते २०३ मिलिमीटर होतं, आणि बहुतेक क्रॉलर ३१३च्या आसपास असतात. आखूड गाडी चढावर घोड्यासारखी मागच्या पायांवर उभी राहते. रूप की चढण, यात मी २५०वर तह केला. ज्याने आयुष्यात ती जीप चालवली आहे त्याला ही लबाडी चटकन दिसते, आणि तो गप्प बसत नाही.

मापाचा आणखी एक चावटपणा आहे. लांबी दहापट घटली की वजन हजारपट घटतं. त्या हिशेबाने माझी जीप किलोभर भरायला हवी, भरते अडीच. पण गुरुत्वाकर्षण काही एकास दहा होत नाही. खरी जीप दरडीवरून कोसळायला जितका वेळ घेईल, त्याच्या तिसऱ्या हिश्श्यात छोटी जीप पडून मोकळी होते. म्हणून तिचं पडणं भयंकर वाटत नाही, खेळण्यासारखंच वाटतं. व्हिडिओ संथ करून दाखवला की मात्र बघणारे हळहळतात.

आता तयार क्रॉलर मिळतात, मग हा उद्योग कशाला, असं विचारणारे भेटतात. पण या छंदाचा जन्मच जुळवाजुळवीतून झाला. तामिया या जपानी कंपनीचा १९८७चा क्लॉड बस्टर हा खेळण्यातला मॉन्स्टर ट्रक. त्याच्या दोन्ही एक्सलवर स्वतंत्र मोटर. अमेरिकेतल्या शौकिनांनी ते एक्सल काढून घरी कापलेल्या पट्ट्यांच्या चासीला लटकवले आणि दगडांवर चढवले. तयार माल नंतर आला. मीही मोटर, रिमोट, गिअर आणि टायर विकत घेतले, बाकीचं स्वतः केलं. टायर घरी ओतायच्या भानगडीत शहाण्याने पडू नये. वायरी-कनेक्टर पासोड्या विठोबाच्या आसपास मिळाले. राहिल्या एक्सलला धरून ठेवणाऱ्या लिंका. त्यांच्यासाठी भोसरीतल्या एका टर्नरकडे सहा मिलिमीटरचा अ‍ॅल्युमिनियमचा रॉड घेऊन गेलो.

"एवढंसंच काम?" म्हणून त्याने तो रॉड दोन बोटांत धरला. पण पुढच्या खेपेला गेलो, तर टोकांना आतून एम-थ्रीचे आटे पाडलेले होतेच, शिवाय न सांगता चँफरही मारलेला. पैसे राहिले बाजूला; त्याला प्रश्न पडला होता. "दोन्ही डिफरन्शिअल जाम केलेत, मग वळते कशी?"

"कुरकुरत वळते," मी म्हणालो. "फार मोठा फेरा घेते."

त्याने लेथ बंद केला. खडूने फरशीवर एक्सल काढला, त्यात एक सरकता दात काढला. हवा तेव्हा डिफरन्शिअल जाम, नको तेव्हा मोकळा. २०१७मध्ये निघालेल्या ट्रॅक्ससच्या टीआरएक्स-४ गाडीत रिमोटवर चालणारं हेच आहे, हे त्याला सांगावंसं वाटलं, पण सांगितलं नाही. आता दाताचं काम झालंय. तो ओढणारा सर्व्हो बसवायचा कुठे, यावर आमचं अजून एकमत होत नाही.