मॉरिशस मुक्कामी विश्रांतीचा वृत्तान्त

तीर्थरूप आबा व सौ. आई यांच्या चरणी, मुक्काम मालवण, दुबईस्थित चिरंजीव, सूनबाई व दोन्ही नातवंडे यांचा शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

‘उष्ण कटिबंधातील आलिशान सागरी बंगला’ अशी जाहिरात वाचून हे कुटुंब सध्या मॉरिशसच्या पश्चिम किनाऱ्यावरील फ्लिक-आँ-फ्लाक येथे उतरले आहे. उष्ण कटिबंध म्हणजे कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्यामधला पट्टा. त्यात मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे २० अंशांवर येते, तर मालवण उत्तरेस १६ अंशांवर, त्यामुळे काटेकोर भूगोलानुसार आबांची पडवी या बंगल्याहून अधिक उष्णकटिबंधीय ठरते, आणि तिला भाडे पडत नाही. शिवाय दक्षिण गोलार्धात ऑगस्ट हा हिवाळ्याचा महिना असल्याने दुबईच्या उकाड्यातून आलेली नातवंडे संध्याकाळी कुडकुडतात, आणि सूनबाईंनी ‘असू दे’ म्हणून बॅगेत कोंबलेली कानटोपी, जिच्यावरून विमानतळावर बरेच बोलले गेले होते, तिच्यासाठी आता घरात पाळ्या लागतात. दुबई व मॉरिशस यांची घड्याळे एकच वेळ दाखवत असल्याने वेळेच्या फरकाची सबब चिरंजिवांना उपलब्ध नाही. परिणामी कचेरीच्या बैठका समुद्रकिनाऱ्यापर्यंत त्यांचा पाठलाग करतात.

समुद्राविषयी मात्र प्रामाणिकपणे लिहिणे भाग आहे. नारळी पौर्णिमेच्या सुमारास मालवणचा दर्या कसा असतो हे आबांना सांगण्याची गरज नाही. येथे त्याच दिवसांत पाणी संथ, कारण बेटाच्या बहुतेक भागाभोवती प्रवाळांची भिंत, म्हणजे सूक्ष्म सागरी जीवांच्या चुनखडी सांगाड्यांचा साचत गेलेला बांध, उभी असून मोठ्या लाटा तेथेच फुटतात आणि आतल्या उथळ, हिरवट पाण्याला, ज्याला लगून म्हणतात, त्यांचा फक्त आवाज पोहोचतो. प्रवाळ सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासही आहेत, पण अरबी समुद्राला अडवण्याची जबाबदारी त्यांनी अंगावर घेतलेली नाही. इतका सालस समुद्र समोर असताना बंगल्याच्या अंगणात पोहण्याचा वेगळा तलाव कशासाठी, हा आईंना पडणारा प्रश्न नातीनेही विचारला. तिला समाधानकारक उत्तर मिळाले नाही, आणि ती तलावातच पडून असते.

बंगल्याच्या भाड्यात स्वयंपाकी व सफाईच्या बाई अंतर्भूत आहेत, आणि विश्रांतीचा खरा पेच येथूनच सुरू होतो. परक्या माणसाला पसारा दिसू नये म्हणून सफाईच्या बाई येण्यापूर्वी सूनबाई सर्व खोल्या आवरतात, त्यामुळे त्या बाईंना काम उरत नाही व सूनबाईंना विश्रांती. स्वयंपाक्यास फोडणी शिकवण्याचा उपक्रमही फसला: वाटलेला मसाला, कढीपत्ता आणि कोथिंबीर यांवाचून येथील रस्सा होत नाही, आणि त्याने न्याहरीला केलेली ‘ढोल पुरी’, म्हणजे भिजवून शिजवलेली हरभऱ्याच्या जातीची डाळ भरलेली मऊ पोळी, खाल्ल्यावर सूनबाईंनी शिकवणे थांबवून कृती लिहून घेतली.

रविवारी या मुक्कामास निराळे वळण लागले. फ्रेंच अमलापासून चालत आलेल्या ‘पन्नास पावलां’च्या नियमानुसार किनाऱ्यालगतची सुमारे ८१ मीटर रुंदीची पट्टी सरकारी मालकीची मानली जाते, ती भाडेपट्ट्याने देता येते, तरी पुळण सर्वांना मोकळी असते. जाहिरातीत ‘खासगी’ भासणाऱ्या त्या वाळूवर सकाळीच अनेक कुटुंबे पातेली, चटया आणि आज्यांसह दाखल झाली, सुरूच्या झाडांखाली बिर्याणीची झाकणे उघडली गेली, आणि बकऱ्याच्या कातड्याचे ‘रावान’ हे वाद्य आगीवर शेकून तापवल्यानंतर सेगा नृत्य सुरू झाले. आलिशान कुटुंब आपल्या आरामखुर्च्यांवरून हे सर्व पाहत राहिले व हळूहळू त्या वासाच्या दिशेने सरकत गेले.

त्यांतले एक कुटुंब मराठी निघाले. ऊसमळ्यांसाठी १८३४ पासून कराराने आणलेल्या मजुरांत, ज्यांना गिरमिटिये म्हणत, मुंबई इलाख्यातूनही पुष्कळ माणसे आली होती. घरात क्रिओल बोलणारे त्यांचे वंशज आजही गणपती बसवतात, कोकणातल्या जाखडीशी नाते सांगणारी ‘झाकरी’ नाचतात, आणि गणेश चतुर्थीला येथे सरकारी सुट्टी असते, जी दुबईत चिरंजिवांना दरवर्षी साहेबांकडे अजिजीने मागावी लागते. त्या कुटुंबातील आजींनी जुन्या वळणाच्या मराठीत गाव, देव आणि मुलीचे वय या क्रमाने चौकशी केली, चौथा प्रश्न बंगल्याच्या भाड्याचा विचारला आणि उत्तर ऐकून निमूटपणे चिरंजिवांच्या पानात आणखी बिर्याणी वाढली.

गणपतीला सर्वजण मालवणला येत आहेत. भाड्याचा आकडा आबांना कळवू नये अशी सूनबाईंची सूचना असून नातवाला तो पाठ आहे. तेव्हा त्याला खाऊ देऊन काही विचारण्यात येऊ नये, ही विनंती. कळावे, लोभ असावा.