उजव्या कंट्रोलची माणसं

मेनफ्रेमवर मुरलेला माणूस ओळखायचा असेल तर त्याच्या स्क्रीनकडे बघू नका, उजव्या हाताकडे बघा. काम झालं की तुम्ही-आम्ही एंटरचं ऐसपैस बटण दाबतो. हा माणूस ते सोडून खाली कोपऱ्यातला उजवा कंट्रोल दाबतो, आणि त्यात काही विशेष आहे असं त्याला वाटतही नाही.

याचं मूळ शोधायला १९७१ सालात जावं लागतं. त्या वर्षी आयबीएमने ३२७० टर्मिनल्स आणली, म्हणजे मेनफ्रेमशी बोलायचे स्क्रीन आणि कीबोर्ड. तुम्ही कितीही टाइप करा, पलीकडच्या त्या मोठ्या यंत्राला, मेनफ्रेमला, त्याचा पत्ता नसे. ऐंशी अक्षरांच्या चोवीस ओळी सावकाश भरायच्या, खोडायच्या, परत वाचायच्या आणि मगच एंटर. सगळा मजकूर एकगठ्ठा रवाना. अर्धा शब्द लिहिला की उरलेलं वाक्य सुचवायला धावणाऱ्या आजच्या यंत्रांपुढे हा संयम मला फार खानदानी वाटतो. तर त्या कीबोर्डवर आजच्या एंटरच्या जागी फक्त पुढच्या ओळीवर नेणारं बटण होतं. खरं एंटर खाली, स्पेसबारच्या उजवीकडे.

टर्मिनल्स भंगारात गेली, मेनफ्रेम राहिला. मग पीसीवर इम्युलेटर आला, म्हणजे आपण टर्मिनलच आहोत अशी बतावणी करणारा प्रोग्रॅम. स्क्रीनची बतावणी सोपी, अडचण बोटांची. तिकडे फंक्शनची बटणं चोवीस, इकडे बारा. मग उरलेली बारा शिफ्ट धरून. क्लिअर गेलं पॉजवर, रिसेट डाव्या कंट्रोलवर, एंटर उजव्या. (लॅपटॉपवाल्यांनी पॉजचं बटणच काढून टाकलं ते नंतर.) कोणतं बटण काय करेल याचा हा मॅप ज्याला त्याला हवा तसा बदलता येतो, आणि तिथूनच तट पडतात.

हिंजवडीच्या एखाद्या कंपनीत नवा मुलगा प्रोजेक्टवर येतो. कमांड लिहून एंटर दाबतो. कर्सर खाली सरकतो. पुन्हा दाबतो, अजून खाली. यंत्र अडकलेलं नसतं. त्याला अजून कोणी काही सांगितलेलंच नसतं. मग मागून एक सर वाकतात, न बोलता उजवा कंट्रोल दाबतात आणि निघून जातात. संध्याकाळपर्यंत मुलगा मॅप बदलून एंटरला एंटरवर आणतो. सरांच्या मते पिढी बिघडली. माझं मत मुलाच्या बाजूने, पण माझी करंगळी सरांच्या बाजूने आहे. दुसऱ्याच्या मशीनवर बसलं की कुणाच्या तरी स्कूटरला किक मारल्यासारखं होतं: ब्रेक आहे, क्लच आहे, पण कुठे किती लागतो ते मालकालाच ठाऊक.

मॅपची फाइल वारशानेही मिळते. नोकरी सोडणारा जाताना ती देऊन जातो. तिच्यात एखादं ऑल्ट धरून दाबायचं बटण असतंच, ते काय करतं हे कोणालाच माहीत नसतं, आणि म्हणूनच ते काढायची कोणाची छाती होत नाही.

या सगळ्या रुक्षपणात एक गंमत मात्र टर्मिनल बनवणाऱ्या जुन्या लोकांनी ठेवली. जिथे लिहायची मुभा नाही तिथे टाइप केलं की कीबोर्ड कुलूपबंद होतो आणि तळच्या ओळीत फुली उमटते. फुलीशेजारी दोन बाण, आणि बाणांच्या मधोमध काड्यांचा एक छोटा माणूस. त्याचा अर्थ, बाबा रे, चुकीच्या जागी उभा आहेस, जरा सरक. चूक दाखवायची इतकी सभ्य रीत मी नंतर कुठल्या प्रोग्रॅममध्ये पाहिली नाही. रिसेट दाबलं की माणूस नाहीसा होतो आणि काम पुढे चालू.

उजव्या कंट्रोलवर मात्र आता खरं संकट आलंय. २०२४ पासून काही नव्या लॅपटॉपवर त्याच जागी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतनीसाला हाक मारायचं बटण बसलंय. सर सवयीने करंगळी टेकवतात आणि खिडकी उघडून कोणीतरी अदबीने विचारतं, काय मदत करू? मॅप बदलण्यासाठी हे नवं बटण आतून काय पाठवतं ते शोधलं तर निघतं विंडोज, शिफ्ट आणि एफ२३. पीसीच्या कीबोर्डवर एफ२३ दिसतं तरी कुणाला? चोवीस बटणांच्या टर्मिनलवर बसलेल्यांना ते पाठ आहे: वरची रांग, शेवटून दुसरं.