पडदाभर अण्णा

टीव्हीवर काळी पट्टी दिसली की अण्णांना फसवल्यासारखं होतं. असे अण्णा सोलापुरात गल्लीगल्लीत आहेत; आमचे साखर पेठेतले. उभा जन्म चादरीच्या धंद्यात गेला. माल लांबी आणि पन्ह्यात मोजायचा, तिसरं माप माहीत नाही. त्रेचाळीस इंची टीव्ही घरी आला त्याच संध्याकाळी त्यांनी टेप लावला. पन्हा साडेसदतीस, उंची एकवीस. तडक दुकानात फोन. तिथला पोरगा म्हणाला, "अण्णा, टीव्ही कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजतात." अण्णा कडाडले, "चादर कधी तिरकी मोजलीस का बे?" साडेपाच इंच असे बसल्या जागी गेले. उरलेल्यातलं सूतभरही सोडायचं नाही, असं त्यांनी तेव्हाच ठरवलं.

जुना सिनेमा लागला की पंचाईत. १९३७ चा 'कुंकू' चार-तीनच्या मापाचा, टीव्ही सोळा-नऊचा. चित्र आहे तसं ठेवलं तर दोन्ही बाजू मिळून पाव पडदा काळा राहतो. अण्णा रिमोट दाबतात, चित्र ताणलं जातं, माणसं एक-तृतीयांशानं रुंदावतात. सिनेमातले म्हातारे काकासाहेब एकाएकी खात्यापित्या घरचे दिसू लागतात.

"सगळी सुजल्यासारखी का दिसायलीत हो?" काकू विचारतात.

"पैसे पूर्ण टीव्हीचे दिलेत."

काकूंनी फारच लावून धरलं तर 'झूम'. चेहरे ताळ्यावर येतात, पण वरून-खालून मिळून चित्राची पाव उंची कापली जाते. मग झूम मॅचलाही तसाच राहतो. तळाच्या स्कोअरची नुसती टोपी दिसते आणि आकडा आठ की नऊ, यावर बापलेकांची पैज लागते.

त्यात ३१ मार्च २०१३ ची मुदत घालून सोलापूरच्या केबलला सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला आणि मापं घ्यायला घरात दुसरा शिंपी आला. बॉक्स चार-तीनवर राहिला तर तो रुंद चित्राला वर-खाली काळं लावतो, टीव्ही त्यालाच डावी-उजवीकडून लावतो. मधोमध एवढंसं चित्र, चहूकडून काळी चौकट. "नुसता हार घालायचा राहिलाय," अण्णा म्हणाले.

इलाज सोपा आहे. आधी बॉक्स १६:९ वर, मग टीव्हीत 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट', आणि लगेच रिमोट अण्णांपासून लांब. जुन्या काचेच्या टीव्हीत चित्राच्या कडा नीट बसायच्या नाहीत, म्हणून कंपन्या चित्र मुद्दाम चौकटीबाहेर थोडं सांडू द्यायच्या. ती खोड सपाट टीव्हीतही उरली आहे. 'जस्ट स्कॅन'नं ती जाते. सिनेमाची पट्टी मात्र जात नाही, जाऊही नये. हे अण्णांना सांगायला कोण जाणार?

यंदा गड्ड्याच्या यात्रेत पुतण्या बाराबंदी घालून नंदीध्वजापाशी होता. ध्वज उंचच उंच, म्हणून मित्रानं मोबाइल उभा धरून शूटिंग केलं. टीव्हीवर त्याला पडद्याचा तिसरा हिस्साही मिळेना. अण्णांनी झूम केलं. पडदा भरला, त्यात काठीचा मधला भाग तेवढा राहिला.

"आपला पोरगा कुठाय?" काकू.

"खाली असंल की. मोबाइल आडवा धरायला काय झालं होतं बे?"

"अण्णा, आडवा धरला तर ध्वज मावत नाही."

अण्णांनी भिंतीवरच्या टीव्हीकडे एकवार पाहिलं आणि काकूंना म्हणाले, "पेचकस आण. टीव्हीच उभा करतो."